रुळांवरची गती, ब्रेकचे अंतर आणि कार्बनचे वय

तापीच्या खोऱ्यातून सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या लोहमार्गावर अमळनेर आणि जळगावच्या मध्ये धरणगाव हे स्थानक लागते. कापसाचा व्यापार आणि जिनिंग यांसाठी हे गाव पूर्वीपासून ओळखले जाते. मराठी वाचकाला ते आणखी एका कारणाने माहीत आहे. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी येथे झाला. जळगावला १९०७ मध्ये भरलेल्या कविसंमेलनात ज्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली, तो हा कवी ५ मे १९१८ रोजी जळगाव आणि भुसावळच्या दरम्यान असलेल्या भादली स्थानकाजवळ मालगाडीखाली सापडून मरण पावला. तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

या मृत्यूविषयी साहित्यात बरेच लिहिले गेले आहे. भौतिकशास्त्राच्या अंगाने मात्र त्याकडे क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः रुळांवर आलेल्या माणसासाठी गाडी का थांबू शकत नाही, या प्रश्नाचे उत्तर आणि तीच गाडी इतक्या थोड्या इंधनात इतके ओझे कशी वाहून नेते, या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना होणारा विरोध अत्यंत कमी असतो. या एका गोष्टीने रेल्वे काटकसरी झाली आणि त्याच गोष्टीने ती धोकादायकही झाली. शालेय पुस्तकांत गतीचे नियम एका धड्यात येतात आणि कार्बनचक्र दुसऱ्या. नववीच्या २०१७ साली आलेल्या विज्ञानाच्या पुस्तकात तर गतीचे नियम हा पहिलाच धडा होता. परंतु रुळांवर हे दोन धडे एकत्र येतात.

न्यूटनचा पहिला नियम जडत्वाचा आहे. बाहेरून बल लावले गेले नाही तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. एस.टी.ने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात, ते कोणी ढकलल्यामुळे नव्हे. बसचा वेग कमी झालेला असतो, प्रवाशाच्या धडाचा झालेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ. धावत्या गाडीतून उतरणारा माणूस फलाटावर पाय टेकताच कोलमडतो, त्याचेही कारण हेच. पाय फलाटाच्या घर्षणाने थांबतात, वरचे शरीर गाडीच्या वेगानेच पुढे जात असते. सराईत लोक उतरताच गाडीच्या दिशेने चार पावले धावतात, ते नियम न शिकता शिकलेले शास्त्र होय. अर्थात सराईतपणाने जडत्व कमी होत नाही.

दुसरा नियम हिशेबाचा आहे. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. गाडी थांबवायची तर उलट दिशेने बल लावावे लागते आणि त्यातून ऋण त्वरण, म्हणजे मंदन, निर्माण होते. वेग आणि मंदन ठाऊक असले की थांबण्याचे अंतर काढता येते: वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. या सूत्रातला 'वर्ग' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रवासी गाडीचे तातडीच्या ब्रेकने होणारे मंदन साधारणपणे दर सेकंदाला सेकंदामागे ०.७ मीटर धरले, तर ताशी ५५ किलोमीटरने धावणारी गाडी सुमारे १७० मीटरवर थांबते. हाच वेग दुप्पट, म्हणजे ताशी ११० किलोमीटर असेल, तर अंतर दुप्पट न होता चौपट होते: सुमारे ६७० मीटर. यात चालकाला धोका दिसून त्याने ब्रेक ओढेपर्यंतचा वेळ आणि ब्रेकचा दाब चढेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. त्या तीन-चार सेकंदांत गाडी आणखी शंभर मीटरच्या आसपास पुढे गेलेली असते. गणित असे सांगते की पाऊण किलोमीटरच्या आत रुळांवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत चालकाच्या हाती फक्त कर्णा उरतो.

येथे एक समज दुरुस्त करून घेतला पाहिजे. 'गाडी जड असते म्हणून लवकर थांबत नाही' असे सर्रास म्हटले जाते. हे पूर्णतः खरे नाही. चाक आणि रूळ यांच्यातील घर्षण बलाची कमाल मर्यादा गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असते. गाडी दुप्पट जड झाली तर तिला थांबवायला दुप्पट बल लागते, पण घर्षणही दुप्पट बल देऊ शकते. हिशेबातून वस्तुमान निघून जाते. उरतो तो केवळ दोन पृष्ठभागांचा गुण, ज्याला घर्षण गुणांक म्हणतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी टायरचा हा गुणांक ०.७ ते ०.८ असतो. कोरड्या रुळावर पोलादी चाकाचा तो ०.२५ ते ०.३ च्या घरात असतो आणि रूळ ओला किंवा तेलकट असेल तर त्याच्या निम्म्यावरही येतो. म्हणजे अडचण वजनापेक्षा पोलादाच्या गुळगुळीतपणाची अधिक आहे.

मग तेवढे घर्षण तरी पुरते का वापरत नाहीत, असा प्रश्न पडेल. ०.२५ गुणांकाने मंदन २.५ पर्यंत जाऊ शकते आणि ताशी ११० किलोमीटरची गाडी दोनशे मीटरच्या आत थांबू शकेल. प्रत्यक्षात तसे करता येत नाही. ब्रेक चाकाला इतका घट्ट धरू लागला की चाक फिरायचे थांबते आणि रुळावर घसरू लागते. घसरणाऱ्या पृष्ठभागांमधील घर्षण न घसरणाऱ्यांपेक्षा कमी असते. त्यामुळे थांबण्याचे अंतर उलट वाढते, शिवाय चाक एका जागी घासून सपाट होते. त्यातच उभ्या असलेल्या शेकडो प्रवाशांचे जडत्व आहेच. म्हणून ब्रेकची ताकद मर्यादेच्या बरीच आत ठेवली जाते.

मालगाडीची कथा आणखी वेगळी. भारतीय रेल्वेत गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवेची नळी जाते. तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोचा दाब असतो. चालक हा दाब कमी करतो तेव्हा प्रत्येक वाघिणीचा ब्रेक लागतो. साखळी ओढली किंवा गाडी मधूनच तुटली तरी दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतो. ही रचना मोठ्या शहाणपणाची आहे. परंतु सहाशे-सातशे मीटर लांबीच्या गाडीत दाब उतरल्याची वार्ता शेवटच्या वाघिणीला पोहोचायला काही सेकंद जातात. शिवाय सगळ्या वाघिणी एकाच क्षणी आखडून एकमेकींवर आदळू नयेत म्हणून मालगाडीच्या ब्रेकचे सिलिंडर मुद्दामच सावकाश भरतात. त्याला अठरा ते तीस सेकंद लागतात. बालकवींच्या काळातील मालगाड्यांचे ब्रेक तर आजच्याहून कितीतरी दुबळे होते.

खान्देशला या गणिताची आठवण २२ जानेवारी २०२५ रोजी पुन्हा झाली. पाचोऱ्याजवळ परधाडे स्थानकानजीक लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली आणि काही प्रवासी घाबरून शेजारच्या रुळांवर उतरले. त्याच वेळी त्या रुळांवरून बंगळूरहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जणांचा मृत्यू झाला. त्या ठिकाणी मार्गाला वळण असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. वळणावर चालकाला पुढचा मार्ग किती दिसतो हे अंतर थांबण्याच्या अंतरापेक्षा कमी पडले, की ब्रेक वेळेवर लावूनही उपयोग होत नाही.

रूळ ओलांडणाऱ्याच्या बाजूने पाहिले तरी हिशेब तितकाच कठोर आहे. दुहेरी मार्ग ओलांडायला, म्हणजे दहा-बारा मीटर चालायला, निरोगी माणसाला आठ ते दहा सेकंद लागतात. डोक्यावर भारा किंवा हाताशी मूल असेल तर अधिक. ताशी ११० किलोमीटरची गाडी दहा सेकंदांत तीनशे मीटर येते. तीनशे मीटरवरचे इंजिन समोरून पाहताना जवळजवळ स्थिर भासते. मोठी वस्तू सरळ आपल्याकडे येत असेल तर डोळ्यातील तिची प्रतिमा सुरुवातीला अगदी हळू वाढते आणि शेवटच्या काही क्षणांत एकदम फुगते. वेगाचा अंदाज चुकतो तो येथे. त्यात सुरतेकडील मार्ग दीर्घकाळ एकेरी होता. उधना ते जळगाव हे सुमारे ३०७ किलोमीटरचे अंतर दुहेरी झाले ते अलीकडे. एकेरी मार्गाची सवय असलेला माणूस एक गाडी गेली की निर्धास्तपणे पाऊल टाकतो. दुहेरी मार्गावर गेलेल्या गाडीच्या आडून दुसऱ्या दिशेची गाडी येऊ शकते आणि पहिलीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडून जातो. फाटक, भुयारी रस्ता किंवा पादचारी पूल यांना पर्याय नाही, असे म्हणावे लागते ते यामुळे.

आता याच गुळगुळीतपणाची दुसरी बाजू पाहू. सपाट रुळावर एक टन वजन हळूहळू पुढे सरकत ठेवायला साधारण १५ ते २० न्यूटन बल पुरते. पाळधीवरून जाणाऱ्या सुरत-नागपूर महामार्गावरील ट्रकला तेवढ्याच वजनासाठी ६० ते ८० न्यूटन लागते, कारण रबरी टायर फिरताना सतत चेपतो आणि पुन्हा फुगतो व त्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. लोखंडी धाव चढवलेली बैलगाडी कच्च्या रस्त्यावरून न्यायची तर टनामागे ३०० न्यूटनपासून पुढे कितीही. पहिल्या पावसानंतरच्या काळ्या जमिनीत हा आकडा इतका चढतो की गाडी रुततेच.

बैलगाडीच्या निमित्ताने तिसऱ्या नियमातील एक जुने कोडे आठवते. बैल गाडीला जितक्या बलाने ओढतात, तितक्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते. मग गाडी चालते कशी? उत्तर असे की ही दोन बले दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात, म्हणून ती एकमेकांना छेदत नाहीत. बैल खुराने जमिनीला मागे रेटतो आणि जमीन बैलाला पुढे रेटते. हा जमिनीचा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त झाला की बैल आणि गाडी दोन्ही पुढे जातात. चिखलात बैलाची ताकद कमी झालेली नसते. खूर घसरतो, जमिनीला रेटता येत नाही आणि म्हणून जमीनही उलट रेटा देत नाही. इंजिनाचेही असेच आहे. उतरणीवर किंवा ओल्या रुळावर चाक घसरू नये म्हणून इंजिनातून रुळांवर वाळू सोडण्याची सोय असते, ती या रेट्यासाठीच.

मध्यम बांध्याची बैलजोडी दिवसभर सुमारे ८०० न्यूटन ओढ टिकवू शकते आणि तिची शक्ती जवळपास एका अश्वशक्तीएवढी भरते. कच्च्या रस्त्यावर ती एक-दीड टन ओढील. तीच जोडी सपाट रुळांवर चाळीस टन सरकत ठेवू शकेल. हा नुसता कागदी हिशेब नाही. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या राज्यात १८६२ साली डभोई ते मियागाम या मार्गावर सुरू झालेली गाडी बैलच ओढत असत. मुंबईत १८७४ मध्ये सुरू झालेल्या ट्रामला घोडे जुंपलेले होते.

मात्र हे सारे सपाट जमिनीपुरते. चढ लागला की गुरुत्वाकर्षण हिशेबात येते आणि रुळांचा गुळगुळीतपणा तेथे कामाचा राहत नाही. शंभर मीटरला एक मीटर एवढा क्षुल्लक वाटणारा चढसुद्धा टनामागे ९८ न्यूटन ओढ मागतो, म्हणजे सपाटीच्या पाच-सहापट. कसाऱ्याच्या थळ घाटात ३७ मीटरला एक मीटर चढ आहे. तेथे टनामागे २६५ न्यूटन लागतात आणि गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. सुरतेकडून खान्देशात येणारा मार्ग नदीच्या खोऱ्यातून नेण्यात आला आणि तो बांधणाऱ्या कंपनीचे नावही 'ताप्ती व्हॅली रेल्वे' होते. नदीने हजारो वर्षांत जमिनीला दिलेला सौम्य उतार रेल्वेला आयताच मिळाला.

या न्यूटनांचे रूपांतर कार्बनमध्ये कसे होते, हे पाहण्यासाठी धरणगावच्या जिनिंगमधील कापसाच्या गाठींचे उदाहरण घेता येईल. भारतात एक गाठ १७० किलोची धरतात. सहा गाठी म्हणजे एक टन. हा टन ट्रकने शंभर किलोमीटर न्यायचा तर केवळ चाकांच्या विरोधापोटी सुमारे ७० लाख जूल कार्य करावे लागते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३ कोटी ६० लाख जूल ऊर्जा असते, पण इंजिन त्यातील पस्तीस टक्क्यांच्या आसपासच चाकापर्यंत पोहोचवते. म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक डिझेल आणि सुमारे दीड किलो कार्बन डायऑक्साइड. रुळांवर त्याच कामाला ३०० ग्रॅमच्या आसपास पुरते. हवेचा विरोध, थांबे, वाहनाचे स्वतःचे वजन यांनी दोन्हीकडचे आकडे वाढतात, पण तफावत राहतेच.

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ज्या इंधनाचे वजन मुळात ८५० ग्रॅमही नाही, त्यापासून तिप्पट वजनाचा वायू निघतो हे ऐकून विद्यार्थी चक्रावतात. वाढीव वजन हवेतील ऑक्सिजनचे असते. कार्बनचा अणुभार १२ आणि ऑक्सिजनचा १६. कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटले की १२ चे ४४ होतात.

हे झाले कापसाच्या वाहतुकीचे. खुद्द कापसातही कार्बन आहेच. रुईचा बहुतेक भाग सेल्युलोज असतो आणि सेल्युलोजच्या वजनात ४४ टक्के कार्बन. एका गाठीत सत्तरेक किलो कार्बन भरतो. तो शेतातील मातीतून आलेला नसतो, खतातूनही नाही. कपाशीच्या पानांनी जुलै ते नोव्हेंबर या काळात हवेतील सुमारे अडीचशे किलो कार्बन डायऑक्साइड शोषून, सूर्यप्रकाशाच्या मदतीने तो घडवलेला असतो. पुढे त्याचे कापड होते, कापडाचे पोतेरे होते, पोतेरे कुजते किंवा जळते आणि तो कार्बन पुन्हा हवेत जातो. ज्वारीचा कडबा खाऊन बैल जो श्वास सोडतो, त्यातील कार्बनही मागल्या हंगामात हवेतच होता. या वर्तुळात हवेतील एकूण कार्बन वाढत नाही. बैलाच्या पोटात रवंथाबरोबर मिथेन वायू तयार होतो आणि तो अधिक उष्णता धरतो, हा अपवाद मात्र नोंदवायला हवा.

डिझेल आणि कोळसा यांचा कार्बन या वर्तुळातला नाही. भारतातील गोंडवानी कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा आहे. तो जमिनीखाली पडून होता तोवर हवेच्या जमाखर्चात नव्हता. फरक कार्बनच्या जातीचा नाही, वयाचा आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते, आणि २०२४ मध्ये त्यांनी ४२० ची मर्यादा ओलांडलेली होती. जगात दरवर्षी जीवाश्म इंधनांतून सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याचा साधारण निम्मा भाग समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात, उरलेला हवेत साठतो.

खान्देशातील काळ्या जमिनीविषयी येथे एक गैरसमज आड येतो. जमीन काळी म्हणजे तिच्यात कार्बन भरपूर, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अनेक शेतांत सेंद्रिय कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आढळतो. काळा रंग बेसॉल्ट खडकातून आलेली खनिजे आणि चिकणमातीला घट्ट बिलगलेला थोडासा सेंद्रिय अंश यांचा आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या मातीत सूक्ष्म जीव कुजण्याचे काम झपाट्याने उरकतात आणि कार्बन टिकत नाही. कपाशीच्या काड्या शेतातच पेटवल्या तर चार-पाच महिन्यांत शोषलेला कार्बन एका दुपारी परत जातो. काड्या बारीक करून कुजवल्या तर त्याचा काही भाग मातीत राहतो; त्यांचे ठोकळे, ज्यांना 'पांढरा कोळसा' म्हणतात, बॉयलरमध्ये जाळले तर तेवढा खाणीतला कोळसा वाचतो. गुलाबी बोंडअळीचा मुक्काम मोडण्यासाठी काड्या शेतातून हलवाव्या लागतात हे खरेच. पण हलवणे आणि पेटवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

काळ्या जमिनीखालचा खडक मात्र कार्बनचा जुना आणि संथ ग्राहक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले, तेव्हा त्यांच्याबरोबर प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत आला. तोच बेसॉल्ट आज उलटे काम करतो. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते, ते खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम सोडवून घेते आणि कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात गिरणेतून तापीला व तापीतून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळतो. समुद्रात त्याचे शंख-शिंपले आणि चुनखडक होतात, त्या वेळी निम्मा कार्बन पुन्हा सुटतो, निम्मा कायमचा खाली बसतो. उष्ण आणि पावसाळी प्रदेशातील बेसॉल्ट हे काम इतर बहुतेक खडकांपेक्षा वेगाने करतो. तरीही हा वेग भूशास्त्राचा आहे. आपण ज्या गतीने कोळसा जाळतो तिला गाठणे त्याला शक्य नाही.

रेल्वेकडे परत येऊ. धरणगावचा मार्ग आता विजेवर चालतो, त्यामुळे गाडीच्या मागे धूर दिसत नाही. धूर न दिसणे आणि कार्बन न सुटणे यांत अंतर आहे. चोवीस डब्यांची गाडी इंजिनासह तेराशे टनांची धरली, तर ताशी ११० किलोमीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा सुमारे ६० कोटी जूल, म्हणजे १७० युनिट वीज एवढी असते. ब्रेकने गाडी थांबते तेव्हा ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. तेवढ्या उष्णतेत दोन हजार लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. पुन्हा त्याच वेगाला यायचे तर डिझेल इंजिनाला पन्नासेक लिटर डिझेल लागते आणि १३५ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. विजेच्या इंजिनाला सुमारे २०० युनिट लागतात. भारतातील एक युनिट विजेमागे सरासरी सातशे ग्रॅमहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे तेथेही आकडा १४० किलोवर जातो. सध्याच्या विजेवर हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो, असे दिसते. धूर धरणगावात नसला तरी भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणच्या चिमणीतून तो निघतच असतो.

विद्युतीकरण निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. डिझेलचे इंजिन आयुष्यभर डिझेलच जाळील. विजेचे इंजिन मात्र तारेत जी वीज येईल तिच्यावर चालते. ती वीज बदलता येते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याच तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. पवनचक्कीला मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वारा निम्म्यावर आला की वीज आठव्या हिश्शावर येते. सौर वीज रात्री नसते. गाड्या मात्र रात्रीही धावतात, म्हणून कोळशाची केंद्रे आजही सोबत लागतात.

विजेच्या इंजिनाचा दुसरा फायदा ब्रेकमध्ये आहे. आधुनिक त्रिकला इंजिनांत ब्रेक लावताना मोटर उलट काम करू लागते. चाके मोटर फिरवतात, मोटर वीज निर्माण करते आणि ती वीज वरच्या तारेत परत जाते. चाकाला थांबवणारे बल ब्रेकच्या ठोकळ्याऐवजी चुंबकाकडून येते. सगळी ऊर्जा परत मिळत नाही, कारण ही सोय फक्त इंजिनाच्या चाकांना असते आणि मागचे डबे बहुधा नेहमीच्याच ब्रेकने थांबवावे लागतात. तातडीच्या वेळी तर हवेच्या ब्रेकवरच भिस्त असते आणि थांबण्याचे अंतर पूर्वीइतकेच राहते. पण ठरलेल्या थांब्यांवर आणि घाटाच्या उतारावर हा परतावा लक्षणीय असतो. कसाऱ्याचा घाट उतरणाऱ्या गाडीने तारेत सोडलेली वीज त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीचे इंजिन वापरू शकते.